अंतराळातून पडलेली वस्तू आणि आंतरराष्ट्रीय विधी

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे स्थानकापासून उत्तरेकडे जाणारा रस्ता इंद्रायणी ओलांडून आंदर मावळात शिरतो. टाकवे बुद्रुक हे या खोऱ्यातील मोठे गाव. या गावाच्या भातखाचरांवरून एखाद्या परकीय राष्ट्राचे लष्करी किंवा नियमित प्रवासी विमान जावयाचे असेल, तर त्यास भारत शासनाची अनुज्ञा घ्यावी लागते; कारण प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील हवाई क्षेत्रावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच अनुच्छेदात नमूद केलेले आहे. याच खाचरांवरून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही जाते. त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन असल्याने एकोणिसाव्या उत्तर अक्षांशाच्या आसपासचा हा प्रदेश त्याच्या मार्गात वारंवार येतो. परंतु त्यासाठी कोणीही भारताची अनुज्ञा मागत नाही, आणि ती मागावी असे भारताचेही म्हणणे नाही. एकाच भूमीच्या वरचे हे दोन थर, आणि त्यांचे विधी परस्परांहून पूर्णतः भिन्न! या भिन्नतेचे मूळ कोठे आहे, आणि वरच्या थरातील वस्तू खालच्या भूमीवर येऊन पडली असता विधी कोणास काय देतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट संघाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हा तो अनेक राष्ट्रांच्या भूमीवरून फिरला. त्यांपैकी एकाही राष्ट्राने आपल्या सार्वभौमत्वाचा भंग झाल्याची तक्रार केली नाही. आंतरराष्ट्रीय विधीत मौनालाही अर्थ असतो. सागरावरील स्वातंत्र्याचा नियम स्थिरपद होण्यास काही शतके लागली. अंतराळातील संचारस्वातंत्र्याचा नियम अवघ्या काही वर्षांत, तोही बहुतांशी मौनातून, रूढ झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २० डिसेंबर १९६१ च्या ठरावाने त्यास शब्दरूप दिले, १३ डिसेंबर १९६३ च्या घोषणेने त्याची तत्त्वे विस्ताराने मांडली, आणि २७ जानेवारी १९६७ रोजी लंडन, मॉस्को व वॉशिंग्टन येथे एकाच दिवशी स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या बाह्य अंतराळ कराराने त्या तत्त्वांस बंधनकारक स्वरूप प्राप्त करून दिले. हा करार त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी अंमलात आला. अंतराळाचे अन्वेषण व उपयोग करण्यास सर्व राष्ट्रे मोकळी आहेत, हे त्याच्या पहिल्या अनुच्छेदाचे सार. आणि सार्वभौमत्वाच्या दाव्याने, वापराने, ताब्याने वा अन्य कोणत्याही मार्गाने अंतराळ किंवा खगोलीय पिंड कोणत्याही राष्ट्रास आपलेसे करता येणार नाहीत, हे दुसऱ्याचे.

हवाई क्षेत्र कोठे संपते व अंतराळ कोठे सुरू होते, हे मात्र या करारात सांगितलेले नाही, आणि त्यानंतरच्याही कोणत्या करारात ते सांगितलेले नाही. शंभर किलोमीटरची उंची सोयीची म्हणून अनेकदा उल्लेखिली जाते. पण ती विधीने आखलेली सीमा नव्हे. १९७६ मध्ये विषुववृत्तावरील काही राष्ट्रांनी बोगोटा येथे घोषणा करून आपल्या माथ्यावरील भूस्थिर कक्षेवर अधिकार सांगितला होता, तो इतर राष्ट्रांनी मानला नाही. सीमेचा हा वाद विद्वानांस प्रिय असला, तरी व्यवहारात त्यामुळे फारसे अडलेले नाही.

‘शांततामय’ या शब्दाविषयी मात्र थोडे थांबणे अवश्य आहे. कारण त्याचा अर्थ समजला जातो त्याहून संकुचित आहे. कराराच्या चौथ्या अनुच्छेदाने चंद्र व इतर खगोलीय पिंड यांचा वापर केवळ शांततामय कार्यासाठीच करण्याचे बंधन घातले आहे. पृथ्वीभोवतालच्या कक्षेस हे बंधन तशा शब्दांत लागू नाही. तेथे अण्वस्त्रे व सामूहिक संहाराची इतर शस्त्रे ठेवण्यास तेवढी मनाई आहे. लष्करी निरीक्षणाचे उपग्रह साठ वर्षांहून अधिक काळ कक्षेत फिरत आहेत, ते या फरकाच्या आधारावर. भारताने या प्रश्नाकडे प्रारंभापासून सहकार्याच्या अंगाने पाहिले. १९५८ च्या अखेरीस आमसभेने अठरा राष्ट्रांची जी तात्पुरती समिती नेमली, तीत भारताचे नाव होते. तथापि सोव्हिएट संघाच्या सहभागाविना अशा समितीस अर्थ नाही, अशी भूमिका घेऊन भारत व संयुक्त अरब प्रजासत्ताक तिच्या कामकाजापासून दूर राहिले. पुढील वर्षी स्थायी समिती स्थापन झाली, तीत भारत आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिले अग्निबाण उड्डाण झाले. चुंबकीय विषुववृत्तानजीकचे हे केंद्र २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी संयुक्त राष्ट्रसंघास समर्पित केले.

अंतराळाचे स्वातंत्र्य निरपवाद राहिले असते, तर त्याचा भार भूमीवरील माणसावर पडला असता. ज्या राष्ट्राला माथ्यावरील वस्तूस अटकाव करता येत नाही, त्याला निदान ती पडल्यास दाद मागता आली पाहिजे, हे न्यायाच्या दृष्टीने उघड आहे. म्हणूनच १९६७ च्या कराराच्या सहाव्या अनुच्छेदात, अंतराळातील कार्य शासन करो वा खाजगी संस्था, त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी राष्ट्राचीच राहील, असे म्हटले आहे. आणि सातव्यात, वस्तू प्रक्षेपित करणारे राष्ट्र तिच्यामुळे दुसऱ्या राष्ट्रास वा त्याच्या नागरिकांस झालेल्या हानीस दायी राहील, असे म्हटले आहे. दुसऱ्याच्या माथ्यावरून जाण्याच्या स्वातंत्र्याचे हे मोल होय. ते प्रत्यक्षात कसे वसूल होते, किंवा होत नाही, हे पाहण्यास महाराष्ट्रातच एक उदाहरण घडलेले आहे.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश व मध्यप्रदेशाचा काही भाग येथील लोकांना आकाशातून जळत जाणाऱ्या प्रकाशरेषा दिसल्या. कोणास ती उल्कावृष्टी वाटली, कोणास विमानाचा अपघात. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी धातूचे एक मोठे कडे पडलेले आढळले. त्याचा व्यास दोन ते तीन मीटर असल्याचे वृत्तांतांत नमूद आहे. लगतच्या परिसरात, पवनपारजवळ, धातूचा एक गोलही सापडला, आणि पुढील दिवसांत तालुक्यातून आणखी काही वस्तू मिळाल्याच्या वार्ता आल्या. कोणासही इजा झाली नाही. या वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या, व भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्यांची पाहणी केली. असे गोल बहुधा अग्निबाणातील वायू उच्च दाबाखाली साठविण्याच्या टाक्या असतात. त्यांसाठी वापरले जाणारे टायटेनियम सुमारे १६७० अंश सेल्सिअसला वितळते. आणि गोलाकारामुळे वातावरणाशी होणाऱ्या घर्षणाची उष्णता एका जागी एकवटत नाही. म्हणूनच बाकी अग्निबाण जळून गेला तरी गोल जमिनीवर पोचतात.

ही वस्तू कोणाची, हा पहिला प्रश्न; आणि विधीच्या दृष्टीनेही तोच पहिला. प्रथम काही जणांनी असा तर्क केला की, त्याच दिवशी न्यूझीलंडमधून सोडण्यात आलेल्या ‘इलेक्ट्रॉन’ अग्निबाणाचे हे अवशेष असावेत. परंतु उपग्रहांच्या कक्षांची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दाखवून दिले की, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘चांग झेंग ३-बी’ अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परतणे अपेक्षित होते, आणि दिसलेला प्रकाशमार्ग त्याच्याशी जुळतो. हा निष्कर्ष सर्वसाधारणपणे ग्राह्य मानला गेला. पण या दोन तर्कांतील अंतर विधीच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्याजोगे आहे. १९७२ च्या दायित्व करारानुसार प्रक्षेपक राष्ट्र म्हणजे जे वस्तू प्रक्षेपित करते, जे प्रक्षेपण करवून घेते, ज्याच्या भूमीवरून अथवा ज्याच्या साधनसामग्रीतून ते होते, ते प्रत्येक राष्ट्र. पहिला तर्क खरा असता तर न्यूझीलंड व अमेरिका ही दोन्ही राष्ट्रे संयुक्तपणे व स्वतंत्रपणेही दायी ठरली असती, आणि भारतास त्यांपैकी कोणाकडेही संपूर्ण भरपाई मागता आली असती. दुसऱ्या तर्काने दायित्व एकट्या चीनवर येते.

१९७५ च्या नोंदणी करारान्वये प्रत्येक प्रक्षेपक राष्ट्राने आपल्या वस्तूची माहिती संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांस द्यावयाची असते. परंतु जळून खाली आलेल्या कड्यावर नोंदणीक्रमांक शाबूत असेलच असे नाही. त्या करारातच, ज्या राष्ट्रांजवळ निरीक्षणाची साधने आहेत त्यांनी ओळख पटविण्यास साहाय्य करावे, असे कलम आहे. म्हणजे ओळखीचा पुरावा दुर्बिणी, रडार आणि कक्षागणित यांवर उभा राहतो. आणि ही साधने सर्व राष्ट्रांजवळ सारखी नाहीत.

ओळख पटल्यावर पुढे काय? येथे दोन करार एकापाठोपाठ एक लागू होतात. १९६८ च्या सुटका व परतीच्या करारातील पाचव्या अनुच्छेदानुसार, आपल्या भूमीवर परकीय अंतराळवस्तू पडल्याचे ज्या राष्ट्रास कळेल, त्याने प्रक्षेपक सत्तेस व महासचिवांस तसे कळवावयाचे असते. प्रक्षेपक सत्तेने मागणी केल्यास वस्तू परत द्यावयाची. मात्र परत देण्यापूर्वी तिच्या ओळखीचा तपशील मागता येतो, आणि शोध व परती यांचा खर्च प्रक्षेपकाने सोसावयाचा असतो. वस्तू विषारी वा धोकादायक असल्याचे मानण्यास आधार असेल, तर प्रक्षेपकास तो धोका दूर करण्याची तातडीची कार्यवाही करावी लागते. लाडबोरीच्या शेतकऱ्याने असे कडे भंगारात विकले असते, तर त्याने अजाणता आपल्या राष्ट्रास आंतरराष्ट्रीय कर्तव्याचा भंग करावयास लावले असते, ही गोष्ट काहीशी विचित्र वाटते; पण करार तसा आहे. वस्तूची मालकी ती आकाशातून पडल्यामुळे बदलत नाही, असे १९६७ च्या कराराचा आठवा अनुच्छेद स्पष्टपणे सांगतो.

दुसरा करार दायित्वाचा. २९ मार्च १९७२ रोजी स्वाक्षरीसाठी खुला झालेला व त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी अंमलात आलेला हा करार आंतरराष्ट्रीय विधीत एका बाबतीत अपवादात्मक आहे. भूपृष्ठावर किंवा उडत असलेल्या विमानास झालेल्या हानीविषयी प्रक्षेपक राष्ट्राचे दायित्व निरपेक्ष आहे. म्हणजे हयगय सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. अंतराळात दोन वस्तूंची टक्कर झाली तर मात्र दोष दाखवावा लागतो. अंतराळात उतरणारे दोघेही धोका पत्करून उतरलेले असतात, आणि खाचरात उभ्या असलेल्या शेतकऱ्याने कोणताही धोका पत्करलेला नसतो. या भेदाचे हे न्याय्य प्रतिबिंब होय. या कराराच्या वाटाघाटींत भारताने स्वतःचा मसुदाही मांडला होता. भारतीय विधीच्या अभ्यासकास हे निरपेक्ष दायित्व अपरिचित वाटू नये. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसंबंधी जे तत्त्व घालून दिले, ते याच कुळातील आहे. किंबहुना ते अधिक कडक आहे. कारण त्यास अपवाद नाहीत, तर दायित्व करारात दावेदार पक्षाच्याच गंभीर हयगयीमुळे वा हेतुपुरस्सर कृतीमुळे हानी झाल्याचे सिद्ध झाल्यास सुटकेची वाट आहे.

लाडबोरी येथे कोणाची हानी झाली नाही. त्यामुळे दायित्वाचा प्रश्न तेथे प्रत्यक्षात उद्भवला नाही. करारातील हानीची व्याख्या जीवितहानी, शारीरिक इजा, आरोग्याचा अन्य बिघाड आणि मालमत्तेची हानी एवढ्यापुरतीच आहे. भीती ही हानी नव्हे. रात्रभर गावकरी जागे राहिले, पोलिसांनी पहारा ठेवला, शास्त्रज्ञ दूरवरून आले, या कशाचीही भरपाई व्याख्येत सहज बसत नाही. कॅनडाला हाच अनुभव आला होता. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएट संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि किरणोत्सर्गी तुकडे विस्तीर्ण हिमप्रदेशावर विखुरले. शोध व स्वच्छता यांवर कॅनडाने बराच मोठा खर्च केला. त्यांपैकी ६०,४१,१७४ डॉलर ७० सेंट एवढ्याची मागणी केली. सेंटांपर्यंत मांडलेल्या या हिशेबाचा शेवट ३० लाख डॉलरांच्या ठोक तडजोडीत झाला. ज्या दस्तऐवजाने ही तडजोड झाली त्याची तारीख २ एप्रिल १९८१. लाडबोरीच्या घटनेला बरोबर एक्केचाळीस वर्षे आधीची. निर्मनुष्य हिमावर पडलेली किरणोत्सर्गी धूळ ‘मालमत्तेची हानी’ ठरते काय, या मुख्य प्रश्नाचे उत्तर त्या तडजोडीत नाही.

भारताने दायित्व करार व सुटका आणि परतीचा करार हे दोन्ही १९७९ च्या जुलै महिन्यात स्वीकारले. त्याच महिन्याच्या ११ तारखेस अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही प्रयोगशाळा हिंदी महासागर व पश्चिम ऑस्ट्रेलिया यांवर तुकड्यातुकड्यांनी पडली. तत्पूर्वीच्या आठवड्यांत भारतभर, महाराष्ट्रातही, ती कोठे पडणार याची केवढी धास्ती होती, हे वयस्क मंडळींस स्मरत असेल. बाह्य अंतराळ करारावर भारताने ३ मार्च १९६७ रोजीच स्वाक्षरी केली होती. त्याचे अनुसमर्थन मात्र १९८२ मध्ये झाले. चीनने १९६७ चा करार १९८३ मध्ये व दायित्व करार १९८८ मध्ये स्वीकारला. म्हणजे २०२२ साली दोन्ही राष्ट्रे या विधीने बांधलेली होती, आणि हानी झाली असती तर दाव्याचा मार्ग मोकळा होता.

तो मार्ग एखाद्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कसा असेल, हे पाहण्यासाठी पुन्हा टाकवे बुद्रुककडे वळावे. समजा, असेच एक कडे तेथील एखाद्या घरावर पडून घराची भिंत कोसळली, गोठ्यातील जनावर दगावले आणि घरातील माणूस जायबंदी झाला. सर्वप्रथम पोलीस येतील व तलाठी पंचनामा करील. पंचनाम्याचा हा कागद वडगाव येथील तहसील कार्यालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून राज्य शासनाकडे व अखेर केंद्र शासनाकडे जाईल. या कागदाचे महत्त्व तेव्हा कोणाच्या लक्षात येणार नाही. पण हानीचा तोच मूळ पुरावा. वस्तू नेमकी कोठे पडली, किती खोल रुतली, तिच्यावर कोणती अक्षरे वा अंक होते, जनावराचे मोल किती, भिंतीचे किती, हे त्यात नीट लिहिलेले नसेल तर पुढील साऱ्या राजनयिक पत्रव्यवहारास पाया राहणार नाही.

येथून पुढे शेतकरी दृष्टीआड होतो. दायित्व कराराच्या आठव्या अनुच्छेदानुसार दावा करण्याचा अधिकार राष्ट्रास आहे, व्यक्तीस नाही. आणि तेथे ‘करू शकेल’ असे पद आहे, ‘करील’ असे नाही. भारत शासनाने दावा करावा की करू नये, हे परराष्ट्रसंबंधांच्या तराजूवर ठरेल, आणि त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात सीमाप्रश्न, व्यापार असे कितीतरी जड विषय असतील. दावा राजनयिक मार्गाने, हानीच्या वा प्रक्षेपक राष्ट्राची ओळख पटल्याच्या दिवसापासून एका वर्षाच्या आत केला पाहिजे. त्यापूर्वी प्रक्षेपक राष्ट्राच्या न्यायालयांत दाद मागितलीच पाहिजे अशी अट नाही; ही मात्र पीडितास मोठीच सवलत होय. वर्षभरात वाटाघाटी फळास आल्या नाहीत, तर तीन सदस्यांचा दावा आयोग नेमता येतो. त्याचा निर्णय उभय पक्षांनी तसे मान्य केले असेल तरच बंधनकारक. अन्यथा तो केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा राहतो. भरपाई किती, याचे मात्र उदार माप करारात आहे: हानी झाली नसती तर जी स्थिती असती ती पूर्ववत करणारी भरपाई. पण ती मिळाली तरी भारत शासनास मिळेल. शासनाने ती रक्कम टाकवे येथील शेतकऱ्यास द्यावी, किती मुदतीत द्यावी, तिच्यातून काही वळती करू नये, याविषयी करार अक्षरही सांगत नाही.

शेतकरी स्वतः भारतीय न्यायालयात जाऊ शकेल काय? कराराचा अकरावा अनुच्छेद त्यास आडकाठी करीत नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचे ८६ वे कलम करते. केंद्र शासनाच्या लेखी संमतीवाचून परकीय राष्ट्राविरुद्ध दावा चालत नाही. म्हणजे दोन्ही दारांच्या किल्ल्या एकाच हाती आहेत. असा प्रसंग भारताने वेगळ्या क्षेत्रात एकदा अनुभविला आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८५ च्या अधिनियमाने पीडितांच्या वतीने दावे करण्याचा अधिकार केंद्र शासनाने स्वतःकडे घेतला, आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड केली. ती रक्कम पीडितांच्या हानीच्या मानाने फारच अपुरी होती, हा आक्षेप त्यानंतर कधीच शमला नाही. परंतु तेथे निदान एक अधिनियम होता. दावे कसे नोंदवावयाचे, रक्कम कशी वाटावयाची, याची योजना होती. अंतराळवस्तूंच्या बाबतीत तेवढेही नाही. भारतीय संविधानाचा ५१ वा अनुच्छेद आंतरराष्ट्रीय विधीविषयी आदर जोपासण्यास सांगतो व २५३ वा करारांच्या अंमलबजावणीसाठी विधी करण्याचा अधिकार संसदेस देतो. पण विधी केल्याविना करारातून नागरिकास सरळ हक्क मिळत नाही, हीच सर्वसाधारण भूमिका आहे. १९९७ च्या विशाखा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला हे खरे; तथापि ती पोकळी मूलभूत हक्कांच्या क्षेत्रातील होती, आणि परराष्ट्राविरुद्धच्या दाव्यास त्या निर्णयाचा कितपत उपयोग होईल, याविषयी शंकाच आहे.

या साऱ्याहून अधिक विचार करावयास लावणारी तरतूद सातव्या अनुच्छेदात आहे, आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. प्रक्षेपक राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांस झालेल्या हानीस हा करार लागूच होत नाही. आंतरराष्ट्रीय विधीच्या तर्कशास्त्रात हे बरोबर आहे. राष्ट्र आणि त्याचे नागरिक यांमधील व्यवहार हा अंतर्गत विषय. परिणाम मात्र विलक्षण होतो. टाकवे येथील त्या घरावर चिनी अग्निबाणाचे कडे पडले, तर निरपेक्ष दायित्व, पूर्ण भरपाईचे माप व दावा आयोग यांची व्यवस्था निदान कागदावर उभी आहे. तेच कडे भारतीय अग्निबाणाचे असेल, तर यांतील काहीच नाही. तेव्हा पीडितास सामान्य अपकृत्य विधी, ओलियम प्रकरणातील तत्त्व, अथवा शासनाचे सानुग्रह साहाय्य यांवर अवलंबून राहावे लागेल. परकीय वस्तूपासून अधिक संरक्षण व स्वकीय वस्तूपासून कमी, ही स्थिती भारतासारख्या स्वतः प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्रात फार काळ समर्थनीय राहू शकत नाही.

आणि भारतीय वस्तूही पडतात. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेस ग्रीन हेडजवळच्या किनाऱ्यावर एक मोठी नळकांड्यासारखी वस्तू वाहून आली. ऑस्ट्रेलियन अंतराळ संस्थेने त्या महिन्याच्या अखेरीस जाहीर केले की, ती बहुधा भारताच्या ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपक यानाच्या तिसऱ्या टप्प्याचा अवशेष असावी. आणि पुढील कार्यवाहीविषयी, त्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारांखालील कर्तव्यांचा विचार अंतर्भूत ठेवून, भारतीय अंतराळ संशोधन संघटनेशी संपर्क साधला. सिंदेवाही येथे भारत पडत्या वस्तूखालचे राष्ट्र होता. ग्रीन हेड येथे तो प्रक्षेपक राष्ट्र होता. मे २०२२ मध्ये गुजरातच्या आणंद जिल्ह्यातही आकाशातून धातूचे गोल पडले होते. दोन्ही भूमिका आता वारंवार वाट्यास येणार.

त्यातच प्रक्षेपणाचे क्षेत्र खाजगी उद्योगांस खुले झाले आहे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी भारतातील पहिल्या खाजगी अग्निबाणाने उड्डाण केले. ३० मे २०२४ रोजी दुसऱ्या एका उद्योगाच्या अग्निबाणाने. १९६७ च्या कराराच्या सहाव्या अनुच्छेदामुळे या उद्योगांच्या कार्याची जबाबदारीही भारत राष्ट्रावरच आहे, आणि त्यांस शासनाची अनुज्ञा व अखंड देखरेख आवश्यक आहे. त्यासाठी २०२० मध्ये एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले व एप्रिल २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण प्रसिद्ध झाले. पण धोरण म्हणजे अधिनियम नव्हे. अंतराळ कार्य विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०१७ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यात आला होता. धोरण जाहीर झाले तेव्हाही त्याचे अधिनियमात रूपांतर झालेले नव्हते. त्या मसुद्यात अनुज्ञाधारकाने केंद्र शासनाची हानिरक्षा करावी, असे कलम होते. परकीय राष्ट्राने भारताकडून भरपाई वसूल केल्यास ती भारत शासनाने उद्योगाकडून वसूल करावी, हा त्यामागील हिशेब. शासनाच्या तिजोरीचा विचार त्यात आहे. खाचरात उभ्या असलेल्या माणसाचा विचार करणारे कलम त्याच्या शेजारी घालण्यास अडचण काही नाही: भारताच्या भूमीवर अंतराळवस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई, वस्तू कोणाचीही असो, प्रथम शासनाने ठराविक मुदतीत द्यावी, आणि मग ती परकीय राष्ट्राकडून करारान्वये किंवा स्वकीय उद्योगाकडून अनुज्ञेच्या अटीन्वये वसूल करावी. असे कलम आले, तर तलाठ्याचा पंचनामा वडगावहून दिल्लीपर्यंत जाईपर्यंत पडलेली भिंत तशीच उघडी राहणार नाही.